जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचंय. नेमकं कुठलं उतरवू?

निळीशाई | शनिवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. असा धागा आधी निघाला असेल तर लिंक द्या, हा उडवायला सांगते.

लॅपटॉप २०१४ चा. आय५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क, विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ टाकायला गेलं तर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही म्हणून दारातूनच परत पाठवतात. मशीन तसं धडधाकट आहे, सुरू व्हायला चार मिनिटं घेतं एवढंच. भंगारात काढायला जीव होत नाही.

काम म्हणाल तर भाषांतर. दिवसभर मराठी टायपिंग (इनस्क्रिप्ट), ब्राउझर, मेल, पीडीएफ, प्रिंटर-स्कॅनर. दुपारी बाबा त्यावर पत्ते खेळतात, त्यांनाही जमायला हवं.

चार दिवस नुसती वाचतेय. जितकं वाचलं तितका गुंता वाढला. एक म्हणतो उबुंटू, दुसरा फेडोरा, तिसरा म्हणतो हा सगळा पोरखेळ आहे. एका साइटवर तर पहिल्या शंभरांची क्रमवारी लावलीय. शंभर! मला एकच हवंय हो.

काळा_पडदा | शनिवार, रात्री ९:२०

आर्च. विषय संपला.

दुपारची_झोप | शनिवार, रात्री ९:२३

मिंट. डोळे मिटून मिंट.

काळा_पडदा | शनिवार, रात्री ९:२४

ज्यांना कायम डोळे मिटूनच वापरायचंय त्यांना ठीक आहे. (हलकेच घ्या.)

ढवळाढवळ | शनिवार, रात्री ९:३१

झालं सुरू. मी चटई टाकून बसलोय.

कंसातला_मी | शनिवार, रात्री १०:०५

निळीशाईताई, नावाचं नंतर बघू. आधी मशीनबद्दल विचारतो. वायफायचं कार्ड कुठलं? डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’वर टिचकी मारा, तिथे दिसेल. ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का? विंडोजवाचून चालतच नाही असं एखादं सॉफ्टवेअर गळ्यात आहे का? आणि डिस्क बदलायची तयारी आहे का? पुढचं सगळं या उत्तरांवर ठरेल. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स अडतं ते बहुतेक वेळा वायफायपाशी. डिस्ट्रोच्या (म्हणजे लिनक्सच्या त्या त्या अवताराच्या) नावापाशी क्वचितच.

शंभरांच्या यादीचं म्हणाल तर ती डिस्ट्रोवॉचची असणार. २००१ पासून चालू असलेली चांगली साइट आहे, पण तिथली क्रमवारी म्हणजे त्याच साइटवरच्या त्या त्या पानाला किती जणांनी भेट दिली त्याचा आकडा. किती लोक वापरतात, किती टिकाऊ आहे, यातलं काही त्यात मोजलेलं नसतं. नवीन नाव दिसलं की कुतूहलाने सगळे बघायला जातात आणि ते वर चढतं.

या शंभरांच्या पोटात कर्नल, म्हणजे गाभा, एकच आहे, लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ मध्ये जाहीर केलेलं. त्याभोवती १९८३ पासून चाललेल्या ग्नू प्रकल्पाची अवजारं. त्यावर कोणी कोणता डेस्कटॉप चढवला, सॉफ्टवेअर किती ताजं ठेवलं आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार, एवढ्यावर वेगळी दुकानं. त्यातही घराणी आहेत. डेबियन १९९३ चं. त्यातून २००४ मध्ये उबुंटू निघालं आणि उबुंटूवरून २००६ मध्ये मिंट. त्यामुळे या तिघांत श्रेष्ठ कोण हा वाद आजोबा, मुलगा आणि नातू यांच्यातलं नाक कुणाचं सरळ अशा धर्तीचा आहे. रंगतो छान, निकाल लागत नाही.

सुतारपक्षी_२ | शनिवार, रात्री १०:४०

कंसकाकांना अनुमोदन. एक भर घालतो, कारण नवीन माणूस नेमका इथेच फसतो.

उतरवण्याआधी ‘हे कधीपर्यंत चालेल’ ते बघायचं. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठी अपग्रेड आलीच. मी स्वतः फेडोरावाला आहे, मला ते आवडतं, पण बाबांच्या पत्त्यांसाठी मी ते सुचवणार नाही. उबुंटूची एलटीएस (जास्त वर्षं सांभाळली जाणारी आवृत्ती) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात. मिंट त्याच एलटीएसवर उभं असतं. त्यातली २२ ची मालिका उबुंटू २४.०४ वर आहे, म्हणजे २०२९ पर्यंत निर्धास्त. डेबियनची आवृत्ती दोनेक वर्षांनी येते, तीही पाचेक वर्षं जाते. आर्चमध्ये आवृत्तीच नसते, अपडेट रोज वाहत असतात. दोन महिने लॅपटॉप उघडला नाही आणि मग सगळं एकदम ओढलं, तर कधीकधी हाताने निस्तरावं लागतं.

अवांतर: मिंटच्या आवृत्त्यांना बायकांची नावं असतात. २२ म्हणजे विल्मा, २२.१ शिया, २२.२ झारा. डाउनलोडच्या पानावर अचानक असं एखादं नाव दिसलं तर दचकू नका.

काळा_पडदा | शनिवार, रात्री १०:४४

‘कधीकधी’ म्हणजे पाच वर्षांत दोनदा. पण बरं, बाबा वापरणार असतील तर माघार घेतो.

निळीशाई | रविवार, सकाळी ८:०२

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार.

कंसकाका, वायफाय कार्डचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंय. ग्राफिक्स वेगळं नाही, इंटेलचंच. विंडोजवाचून अडेल असं काही नाही, ऑफिस सोडलं तर. डिस्क बदलायची म्हणजे काय करायचं?

आणि एक शंका. उबुंटूच्या पानावर फाईलच्या नावात ‘एएमडी६४’ आहे. माझा प्रोसेसर इंटेलचा. मग ती माझ्यासाठी नाही ना? इंटेलची वेगळी फाईल शोधून शोधून दमले.

कंसातला_मी | रविवार, सकाळी ८:३५

तीच तुमची फाईल. हा प्रश्न प्रत्येकाला पडतो आणि विचारायची लाज वाटते, तुम्ही विचारलात ते बरं केलंत. आजच्या संगणकांतली ही ६४ बिटची रचना आधी एएमडीने आणली, २००३ मध्ये त्यांचा ऑप्टेरॉन प्रोसेसर आला. मग इंटेलनेही तीच उचलली. नाव मात्र पहिल्याचं चिकटलं. कुठे एएमडी६४, कुठे एक्स८६_६४, कुठे नुसतं ६४ बिट लिहितात. तिन्ही एकच. ‘एआरएम६४’ असेल तर मात्र हात लावू नका, ते रास्पबेरी पाय वगैरेंसाठी, वेगळ्या जातीचे प्रोसेसर.

ऑफिसचं आजच करून बघा. लिबरऑफिस विंडोजवरही चालतं. उतरवा, तुमच्या पाच-सहा खऱ्या फायली त्यात उघडा, तक्ते आणि तळटीपा जागच्या जागी आहेत का बघा. तिथे गाडी अडली तर ओएस बदलायची घाई करू नका. ॲप आधी, ओएस मागाहून.

व्यनि पाहिला. ते वायफाय कार्ड जरा नखरेल आहे. ड्रायव्हर खुला नाही, वेगळा घ्यावा लागेल. जमेल, पण लाइव्हमध्ये (डिस्कवर न टाकता पेनड्राइव्हवरून चालवताना) पहिल्यांदा दिसणार नाही असं धरून चाला.

मत विचाराल तर मिंट, त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. मिंट तीन डेस्कटॉपमध्ये येतं: सिनॅमन, माटे, एक्सएफसीई. ४ जीबीत सिनॅमनही चालेल, पण मग ब्राउझरमध्ये आठ-दहा टॅब उघडल्या की धाप लागेल. एक्सएफसीई दिसायला साधं आहे, खातं कमी. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी. बाबांना फारसं शिकवावं लागणार नाही.

दुपारची_झोप | रविवार, सकाळी ८:५०

काल रात्री ९:२३ ला हेच म्हणालो होतो, दोन शब्दांत. :-)

टाचणी | रविवार, सकाळी ११:१५

मधेच तोंड घालतो. माझ्याकडे नेटबुक आहे, ३२ बिट, २ जीबी रॅम. मिंट चालेल?

सुतारपक्षी_२ | रविवार, सकाळी ११:२६

नाही. उबुंटू आणि मिंट दोघांनी ३२ बिटची आयएसओ (उतरवून टाकायची फाईल) केव्हाच थांबवली. ३२ बिटचा इन्स्टॉलर मिळणारं शेवटचं डेबियन म्हणजे १२, ट्रिक्सीपासून (१३) तोही नाही. अँटीएक्स बघा. पण तिथे आजचा ब्राउझर सुखाने चालेल ही आशा सोडा.

ढवळाढवळ | रविवार, दुपारी १२:१०

माझा भाबडा प्रश्न. हे सगळं फुकट वाटतात, तर यांचं पोट कशावर चालतं? माझा डेटा विकून तर नाही ना?

कंसातला_मी | रविवार, दुपारी १२:४८

प्रत्येकाचं वेगळं. रेड हॅटने कंपन्यांना सेवा विकून धंदा एवढा वाढवला की आयबीएमने तो ३४ अब्ज डॉलरला घेतला, २०१९ मध्ये व्यवहार पुरा झाला. उबुंटूमागे कॅनॉनिकल आहे, तीही सपोर्ट विकते. मिंट देणग्या आणि प्रायोजकांवर चालतं. डेबियन स्वयंसेवकांचं. आपल्याकडे ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे नशीब, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने तिकडे चाळीस वर्षं खुलासे चाललेत. कर्नलचा परवाना जीपीएल आहे: कोड बघा, बदला, वाटा. मात्र बदललेलं वाटलंत तर कोडही द्या.

निळीशाई | रविवार, रात्री ८:३०

लिबरऑफिसमध्ये सगळ्या फायली नीट उघडल्या. एका तक्त्याची उजवी कड बाहेर गेली, बाकी ठीक.

मिंट एक्सएफसीई उतरवलं. ब्राउझर म्हणतो डाउनलोड पूर्ण. तुम्ही सगळे ती पडताळणी का काय म्हणता तीही केली, पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ आणि पुढे फाईलचं नाव. भलीमोठी ६४ अक्षरांची ओळ आली. साइटवरची ओळ ‘९’ने सुरू होते, माझी ‘सी’ने. पुढचंही काही जुळत नाही. व्हायरस आला का? घाम फुटलाय.

पेंगुळलेला_पेंग्विन | रविवार, रात्री ८:३७

थांबा, फाईल डिलीट करू नका! साइझ किती दाखवतंय?

निळीशाई | रविवार, रात्री ८:४१

१.९ जीबी. साइटवर साधारण २.८ लिहिलंय. अरेच्चा.

पेंगुळलेला_पेंग्विन | रविवार, रात्री ८:५५

व्हायरस नाही, अर्धवट फाईल आहे. मधे नेट तुटलं आणि ब्राउझरला वाटलं संपलं. हॅशचं (फाईलवरून काढलेल्या त्या ओळीचं) असंच असतं, पावणेतीनशे कोटींतलं एक अक्षर हललं तरी अख्खी ओळ बदलते. ‘थोडी जुळली’ असा प्रकारच नाही.

आता गंमत. पुन्हा पहिल्यापासून उतरवू नका. डाउनलोडच्या पानावरच टोरंटची छोटी फाईल असते, ती घ्या. क्यूबिटटोरंट या ॲपमध्ये ती उघडताना ‘कुठे साठवू’ असं विचारेल, तिथे तो फोल्डर द्या जिथे तुमची अर्धवट आयएसओ पडलीय. नाव तंतोतंत तेच हवं, शेवटी कंसात १ वगैरे लागलं असेल तर काढा. टोरंटमध्ये फाईलचे शेकडो तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा हॅश वेगळा. ते आधी तुमच्याकडचे तुकडे तपासेल, चांगले ठेवेल, उरलेले तेवढे आणेल.

निळीशाई | रविवार, रात्री ९:०१

टोरंट?? ते बेकायदा असतं ना?

पेंगुळलेला_पेंग्विन | रविवार, रात्री ९:०६

टोरंट म्हणजे फाईल वाटून घ्यायची पद्धत. काय वाटताय त्यावर कायदा ठरतो. इथे मिंटवाले स्वतःच टोरंट देतात, उबुंटू-डेबियनही देतात, कारण त्यांच्या सर्व्हरवरचा भार हलका होतो.

निळीशाई | रविवार, रात्री १०:२२

कमाल आहे! तपासणी झाली आणि गाडी थेट ६७ टक्क्यांवरून निघाली. आता हॅश जुळला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. दोन ओळी एकाखाली एक चिकटवून बोट ठेवून वाचल्या.

कंसातला_मी | रविवार, रात्री १०:५०

शाब्बास. बोट ठेवून वाचणारी माणसं कमी.

घाबरलात ते वावगं नव्हतं, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगतो. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटच्याच साइटमध्ये हल्लेखोर घुसले. १७.३ सिनॅमनची डाउनलोड लिंक त्यांनी स्वतःच्या आयएसओकडे वळवली, तीत मागचं दार बसवलेलं होतं. त्या दिवशी साइटवरून ती उतरवलेल्यांना भेसळीचा माल मिळाला. मिंटवाल्यांनी लपवाछपवी केली नाही, लगेच जाहीर केलं आणि साइट बंद ठेवली.

आता विचार करा. साइटच हल्लेखोराच्या ताब्यात असेल तर तिथला हॅशही तो बदलू शकतो. मग जुळला म्हणून काय सिद्ध होतं? फाईल वाटेत बिघडली नाही एवढंच. ती खरंच मिंटवाल्यांची आहे हे कळायला हॅशच्या फाईलवर त्यांची डिजिटल सही असते, ती जीपीजी नावाच्या अवजाराने तपासतात आणि सहीची किल्ली दुसऱ्या ठिकाणाहून पडताळतात. पहिल्या खेपेला एवढं केलं नाहीत तरी एक नक्की करा: शोध इंजिनावर नाव टाकून वरच्या पहिल्या निकालावर टिचकी मारू नका, तो बरेचदा जाहिरातीचा असतो. मूळ साइटचा पत्ता बघून तिथूनच जा. आयएसओ मिररवरून (त्याच फायलींची प्रत ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरवरून) आली तरी चालेल, हॅश मात्र मूळ साइटवरचा घ्या.

दुपारची_झोप | रविवार, रात्री ११:१२

वाचनखूण साठवली. दहा वर्षं मिंट वापरतोय, सही एकदाही तपासली नव्हती. आता झोप उडाली.

निळीशाई | सोमवार, सायंकाळी ६:४५

अडले. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर आयएसओ कॉपी केली, लावून सुरू केलं तर सरळ विंडोजच येतंय.

काळा_पडदा | सोमवार, सायंकाळी ६:५२

ताई, कॉपी नाही करायची. आयएसओ म्हणजे अख्ख्या चकतीची छबी, ती पेनड्राइव्हवर ‘लिहावी’ लागते. विंडोजवर त्यासाठी रुफस हे ॲप घ्या. वर पेनड्राइव्ह निवडा, खाली आयएसओ, मग स्टार्ट. ‘आयएसओ मोड की डीडी मोड’ विचारलं तर पहिला. पेनड्राइव्हवर जे असेल ते जाईल, आणि यादीत चुकून बाहेरची बॅकअपची डिस्क तर निवडली नाही ना, ते दोनदा बघा. मी एकदा बघितलं नव्हतं. त्यावर बोलायची इच्छा नाही.

डीडी मोडने किंवा एचरने (रुफससारखंच ॲप) लिहिलं तर नंतर विंडोज म्हणतं ‘ही डिस्क फॉरमॅट करू का?’ नाही म्हणा. त्याला आतलं वाचता येत नाही म्हणून ते विचारतं.

सुरू करायला शिफ्ट दाबून धरून ‘रीस्टार्ट’ करा, ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा, तिथे पेनड्राइव्ह दिसेल. एफ१२ की एफ९ की एस्केप हा जुगार खेळावा लागत नाही.

ढवळाढवळ | सोमवार, सायंकाळी ७:००

आर्चवाले मिंट टाकायला मदत करतायत. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

निळीशाई | सोमवार, रात्री ९:३०

आलं!! हिरवट पडदा, खाली पट्टी. डिस्कला अजून हात लावलेला नाही, पेनड्राइव्हवरूनच चाललंय. आवाज येतो, कॅमेरा दिसतो, टचपॅड बरा आहे. पण वायफायच्या यादीत एकही नाव नाही. अख्खा पर्यायच गायब.

काळा_पडदा | सोमवार, रात्री ९:३८

टर्मिनल उघडा आणि ‘एलएसपीसीआय’ टाइप करा. लांब यादी येईल, त्यात ‘नेटवर्क’ शब्द असलेली ओळ शोधा. कार्डचं नाव तिथे असेल तर कार्ड जिवंत आहे, ड्रायव्हरच नाही.

मग फोन यूएसबी वायरने लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. तारेचं नेट आल्यासारखं उजवीकडे खाली चिन्ह येईल, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग मेनूत ‘ड्रायव्हर मॅनेजर’. तो कार्ड ओळखून योग्य ड्रायव्हर सुचवेल.

आर्चच्या विकीवर तुमच्या कार्डावर स्वतंत्र परिच्छेद आहे. डिस्ट्रो कुठलाही असो, विकी वाचावं आमचंच.

कंसातला_मी | सोमवार, रात्री ९:५५

टेदरिंगला +१. अजून दोन गोष्टी लाइव्हमध्येच बघा: झाकण मिटून पाच मिनिटांनी उघडल्यावर पडदा परत येतो का, आणि प्रिंटरवर एक पान. बहुतेक लोक वेग बघतात आणि नेमकं हेच विसरतात. वेगाचा अंदाज पेनड्राइव्हवरून घेऊच नका, तो मंदच चालणार.

दुपारची_झोप | मंगळवार, सकाळी ७:२०

ताई, टाकायच्या आधी माझं ऐका. डिस्क बदलायची म्हणजे काय हे तुमचं विचारणं मागेच राहून गेलं. चार मिनिटं सुरू व्हायला लागतात ती त्या फिरत्या डिस्कमुळे. अडीच इंची साटा एसएसडी घ्या, २४० जीबी पुष्कळ झाली. २०१४ च्या बहुतेक लॅपटॉपना खाली दोन-चार स्क्रू आणि एक झाकण असतं. बॅटरी काढा, जुनी डिस्क बाहेर, नवी आत.

याचा खरा फायदा वेगळाच आहे. जुनी डिस्क विंडोज आणि तुमच्या फायलींसकट जशीच्या तशी कपाटात राहते. पार्टिशन पाडायची भीती नाही, दुहेरी बूटची कटकट नाही. नाही जमलं तर पंधरा मिनिटांत जुनी डिस्क परत आत. मी तिघांकडे असंच केलं. तिघांच्याही डिस्क अजून कपाटातच आहेत.

सुतारपक्षी_२ | मंगळवार, सकाळी ७:५८

ही युक्ती झकास. तरीही धागा वाचणाऱ्या कुणाला एकाच डिस्कवर दोन्ही हवं असेल तर: बॅकअप घ्या. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, नाहीतर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला ती ड्राइव्ह अर्धवट झोपलेली मिळते. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. विंडोजचा भाग छोटा करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून. आणि नंतर घड्याळ काही तासांनी मागे-पुढे दिसलं तर बिघाड समजू नका. मदरबोर्डवरचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळ म्हणून वाचतं, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) म्हणून.

निळीशाई | शनिवार, दुपारी ४:१०

एसएसडी बसवली. झाकणाला दोन नाही, अकरा स्क्रू होते. एक उरलाय, कुठला ते विचारू नका.

मिंट टाकायला वीसेक मिनिटं लागली. टेदरिंगवरून ड्रायव्हर घेतला, रीस्टार्ट केलं आणि वायफायची यादी भरभरून आली. सुरू व्हायला आता बावीस सेकंद. बाबांनी दोनदा विचारलं, ‘खरंच बंद केला होतास ना?’

मराठीचं सगळ्यात टेन्शन होतं. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडलं. पहिला शब्द मुद्दाम ‘दुसऱ्या’ टाइप केला. शिफ्ट आणि जे दाबून ऱ, मग हलन्त, मग य. अगदी बरोबर उमटला! बोटांना काही नवीन शिकावं लागलं नाही.

उरलेल्या तक्रारी दोन. झाकण मिटून उघडलं की कधीतरी पडदा काळाच राहतो. आणि युनिकोडपूर्व फॉन्टमधली माझी जुनी भाषांतरं उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते.

कंसातला_मी | शनिवार, दुपारी ४:४०

अभिनंदन! खिचडीचं आधी. त्या फायलींत मराठी नाहीच, इंग्रजी अक्षरांना मराठी मुखवटा घातलेला आहे, तो मुखवटा म्हणजे जुना फॉन्ट. तुमच्याकडे त्याची टीटीएफ फाईल असेल तर तिच्यावर डबलक्लिक करून इन्स्टॉल करा, फायली पूर्वीसारख्या दिसतील. पण सवडीने त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, रूपांतरकं मिळतात. रफार आणि जोडाक्षरं मात्र हाताने तपासावी लागतील. तिथे ती हमखास घसरतात.

काळ्या पडद्याबद्दल काळ्या_पडद्यालाच विचारा.

काळा_पडदा | शनिवार, दुपारी ४:५२

अपेक्षितच होता हा विनोद.

पडदा काळा असताना कंट्रोल, आल्ट आणि एफ१ दाबा, मग कंट्रोल, आल्ट आणि एफ७. पडदा परत आला तर मशीन जागं झालेलं असतं, लॉकस्क्रीनच अडकलेला असतो. तसं असेल तर पॉवर मॅनेजरमध्ये ‘झोपताना पडदा लॉक करा’ची खूण काढून बघा. नाही आला तर सांगा, अपडेट मॅनेजरमधून दुसरं कर्नल लावून पाहू.

निळीशाई | शनिवार, सायंकाळी ५:१५

आला परत! खूण काढली. चार वेळा झाकण मिटलं-उघडलं, चारही वेळा ठीक. बाबांना पत्तेही सापडलेत.

पेंग्विनभाऊ, ते टोरंट मी विंडोजच्या दुसऱ्या मशीनवर तसंच चालू ठेवलं होतं, बंद करायचं राहून गेलं. आता म्हणतंय ‘अपलोड ८.६ जीबी’. काही बिघडलं नाही ना?

पेंगुळलेला_पेंग्विन | शनिवार, सायंकाळी ५:२१

काही नाही. म्हणजे तीन जणांना पुरेल एवढी आयएसओ तुमच्याकडून गेली. नेटचा कोटा पुरत असेल तर राहू द्या चालू.